त्या गोळ्या घेऊ की सोडू?

मैत्रिणींनो, झोपेविषयी लिहिलं त्यानंतर बरीच पत्रं आली. त्यातली तीन मी बाजूला काढून ठेवली होती. तिन्हींचा विषय एकच, आणि तिन्हींच्या शेवटी ‘नाव छापू नये’ ह्या शब्दांखाली दोन-दोन रेघा. नाव छापत नाही, गावही नाही. पण उत्तर मात्र सगळ्यांसमोर देते, कारण असाच प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेल्या आणखी कितीतरी जणी असतील.

पहिल्या बाई लिहितात, “चार महिने झाले, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. छातीत धडधड, हातापायांना घाम. ओट्यापाशी उभं राहायचं म्हटलं तरी रडू येतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड ठीक निघालं. मग एसिटालोप्राम नावाची गोळी दिली, आठवडाभर पाच मिलिग्रॅम आणि पुढे दहा. आज चौथा दिवस. मळमळतं, आणि धडधड कमी व्हायची सोडून वाढलीच आहे. सासूबाई म्हणतात, ह्या वेड्यांच्या गोळ्या. शेजारच्या वहिनी म्हणतात, सवय लागते. घेऊ की सोडू?”

स्वतःच्या मनाने सोडू नका. डॉक्टरांना फोन करा, चौथ्या दिवशी काय होतंय ते सांगा, आणि ते काय म्हणतात ते ऐका.

मी डॉक्टर नव्हे. बी.ए. झालेली, दुपारच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई. पण माझ्या धाकट्या जावेला ह्याच जातीच्या गोळ्या दीड वर्ष चालू होत्या. प्रत्येक खेपेला मी तिच्याबरोबर गेले, वही घेऊन. डॉक्टर सज्जन होते, माझे सगळे प्रश्न ऐकून घ्यायचे. त्या वहीतलं आणि नंतर वाचलेलं असं मिळून हे लिहिते आहे.

डोकेदुखीची गोळी तासाभरात उतार देते, म्हणून आपल्याला वाटतं की गोळी म्हणजे असंच. ह्या गोळीचं तसं नाही. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर तिचं काम पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं, पण मनाला ते जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा-आठ आठवडेही. त्रास मात्र आधी येतो. मळमळ, डोकं जड होणं, तोंडाला कोरड, कुणाला झोप फार तर कुणाला उडालेली. आणि हो, पहिल्या पंधरवड्यात घबराट थोडी वाढू शकते. म्हणूनच तर डॉक्टरांनी तुम्हाला अर्ध्यावर सुरुवात करून दिली आहे. बहुतेकींचा हा त्रास आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी, गुंगी येत असेल तर रात्री, पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. अंगाला गोळी किती मानवते ते कळेपर्यंत स्कूटर चालवू नये.

काही गोष्टी झाल्या तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. जगणं नको असे विचार येऊ लागले किंवा असलेले वाढले, तर. पंचविशीच्या आतल्या मुलींच्या बाबतीत ही शक्यता पहिल्या आठवड्यांत अधिक असते. अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ साली लहान मुलांसाठी आणि पुढे २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्यांसाठी तसा इशारा ह्या औषधांवर छापायला लावला. म्हणून घरात कॉलेजातल्या मुलीला ही गोळी सुरू झाली असेल, तर पहिला महिना तिला एकटी सोडू नका, आणि गोळ्यांचं पाकीट आईच्या हाती असू द्या. दुसरं म्हणजे झोप दोन-तीन तासांवर येऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, भलतीच खरेदी चालली आहे, असं दिसलं, तर. त्याला ‘गुण आला’ म्हणू नये, तो निराळ्याच आजाराचा चेहरा असू शकतो. तिसरं म्हणजे ताप, थरथर, स्नायू ताठणं, जुलाब आणि भ्रम हे एकदम सुरू झालं, तर सरळ इस्पितळ. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारचा ‘टेली मानस’चा दूरध्वनी आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

आता सासूबाईंचं. त्यांच्या काळी असं काही झालं की बाईला माहेरी पाठवत नाहीतर अंगारा लावत, त्यामुळे त्यांना तरी दोष काय द्यायचा? पण त्यांना एवढं सांगा, की उदासीवरचं पहिलं औषध क्षयरोगाच्या औषधातून सापडलं. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग्यांच्या इस्पितळात इप्रोनियाझिड देऊन पाहिलं, तर रोगी चक्क हसू-बोलू लागले. त्यावरून पुढचं बरंच शोधकार्य झालं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण वेडा म्हणतो का?

आणि वहिनींचं ‘सवय लागते’ हे अर्धं खरं आहे, त्याचा उलगडा नीट करायला हवा. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ह्यांची दारूसारखी तल्लफ लागत नाही, दिवसेंदिवस जास्त गोळ्या हव्याशा वाटत नाहीत. पण आपल्याकडे एक गंमत आहे, खरं तर गंमत कसली! एसिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. हे क्लोनाझेपाम सवयीचं औषध. घबराट लवकर आटोक्यात यावी म्हणून काही दिवस ते देतात, ते योग्यच. पण महिना दोन महिन्यांवर ते चालत राहिलं तर शरीर त्याला धरून बसतं, मग एकदम बंद केलं तर झोप साफ जाते, क्वचित फिटही येते. पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. दोन नावं असतील तर पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा, “डॉक्टर, ह्यातलं दुसरं किती दिवस?” जुन्याच चिठ्ठीवर दुकानदाराकडून वर्षभर तेच पाकीट आणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

दुसरं पत्र ह्याच कारणासाठी मला काळजीचं वाटलं. “मैत्रिणीला फरक पडला, तिच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या तर चालेल का?” नाही चालणार. तुम्हाला पित्तासाठी, सांध्यांसाठी, अर्धशिशीसाठी काय चालू आहे ते तिच्या डॉक्टरांना ठाऊक नाही. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा वेदनाशामकांबरोबर ही गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल नावाची दुखण्याची गोळी, अर्धशिशीची सुमाट्रिप्टान, खोकल्याची काही औषधं ह्यांच्याशीही तिचं जमत नाही. साठीच्या पुढच्या बाईला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर रक्तातलं मीठ उतरतं, मग तोल जाणं, बरळणं. ‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ म्हणून मिळणारी औषधंही सांगायची. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ओतायच्या, लाजायचं नाही. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा, पण त्या भीतीने परस्पर बंदही करू नका. चालतील अशी औषधं असतात.

आणि मैत्रीण बरी झाली तरी तिच्या गोळ्या उरल्या कशा, हाही प्रश्नच! म्हणजे तिने मध्येच सोडल्या.

माझ्या जावेने हेच केलं होतं. तीन महिन्यांत हसू-खेळू लागली, गणपतीच्या आधी म्हणाली, “वहिनी, आता मी बरी आहे, घरात पाहुणे, त्यांच्यासमोर गोळ्या कशाला?” आणि गुपचूप बंद केल्या. तिसऱ्या दिवशी मोदक वळता वळता तिला गरगरलं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं झणझण होई. मुलांवर ओरडणं, मग स्वतःच रडणं. आम्हाला वाटलं आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, हे गोळी एकदम तोडल्याचं आहे. पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत थांबलं. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, दुखणं दुसऱ्यांदा आलं असेल तर त्याहून जास्त. आणि थांबवताना दहाची साडेसात, मग पाच, मग अडीच अशी, डॉक्टरांच्या सांगण्याने उतरायची. तिला उतरायला चार महिने लागले. एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसरा दिवस उजाडला तर नेहमीची एकच, भरपाई म्हणून दोन नाहीत.

एक गोष्ट बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत. ह्या गोळ्यांनी पतिपत्नीच्या संबंधातली इच्छा कमी होऊ शकते. ‘आपलंच काहीतरी बिघडलं’ असं समजून कित्येकजणी मुकाट्याने गोळी बंद करतात. तो गोळीचा परिणाम आहे, आणि मात्रा किंवा औषध बदलून त्यावर उपाय होतो. पुरुष डॉक्टरांना सांगायला अवघड वाटलं तर कागदावर लिहून द्या. माझ्या जावेने तेच केलं होतं.

दुखणं सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही भागतं, जास्त असेल तर गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळून अधिक चांगलं. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे जा. जनऔषधीच्या दुकानात हीच गोळी पुष्कळ स्वस्त मिळते, चिठ्ठी मात्र लागते.

तिसऱ्या बाई गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवतात, घरात कुणालाच ठाऊक नाही, नवऱ्यालाही नाही. त्या विचारतात, “असंच चालू ठेवलं तर?” बाई, पहिली भीती मुलांची. डब्यात हात घालणारं लेकरू गोळी तोंडात टाकायला वेळ लागत नाही. गोळ्या उंचावर, कुलपात ठेवा. आणि घरातल्या एकाला तरी सांगा. तुम्ही आजारी पडून इस्पितळात गेलात तर तिथल्या डॉक्टरांना हे औषध कोण सांगणार? नवऱ्याशी थेट बोलवत नसेल तर पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. बाहेर बाकावर बसवून ठेवू नका, आत न्या. रक्तदाब, साखर ह्यांसारखंच हे दुखणं आहे, ही गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकली की पुरुषांना पटते, असा माझा तरी अनुभव आहे. आमच्या भावोजींनी त्या दिवसापासून सकाळचा चहा स्वतः करायला घेतला, तो अजून करतात. साखर जास्त घालतात, पण कोण बोलणार!

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात धान्याला लागणाऱ्या किडीविषयी. कडुनिंबाच्या पाल्याबद्दल ज्यांनी विचारलं आहे त्यांची पत्रं तेव्हा घेते.