बाथरूममधला शॉक आणि एमसीबीवरची श्रद्धा

‘आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही.’ गीझर बसवताना घरमालक हे ठासून सांगतो आणि बरेचदा वायरमनही मान डोलावतो. एमसीबी असते खरी, पण ती वायर तापून जळू नये म्हणून. गीझरच्या लाइनला 16 किंवा 20 अँपिअरची बसवतात. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला अंगातून पाव अँपिअरहूनही कमी करंट जातो. हृदय बंद पाडायला तो पुरून उरतो. एमसीबीच्या मात्र खिजगणतीतही नसतो.

यावर उत्तर ठरलेले: ‘अर्थिंग आहे ना!’ असेल, पण कसले? पुष्कळ इमारतींत अर्थिंग म्हणजे मागच्या बाजूला कधीकाळी मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी. त्यानंतर त्या खड्ड्यात कुणी तांब्याभर पाणीही ओतलेले नसते. त्याचा रोध 10 ओहम धरा. टाकीला फेज चिकटली तर फार तर 23 अँपिअर वाहतील. 20 अँपिअरची एमसीबी तेवढ्यावर तासाभरातही पडेलच असे नाही, आणि तोवर टाकी, नळ, शॉवर सगळ्यांत करंट.

जुन्या चाळींत याहून कठीण. अर्थची वायर सरळ नळाला गुंडाळलेली. लोखंडी पाइप जमिनीत होता तोवर निभावले. खालचा भाग प्लास्टिकचा झाला की अर्थिंग संपले, आणि पहिल्या मजल्यावरच्या गीझरचा दोष तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला येऊ लागला. काही महाभाग तर सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून मोकळे होतात. न्यूट्रल मागे कुठे तुटली, की कॉइलमधून आलेली फेज थेट टाकीच्या पत्र्यावर.

‘अंघोळीआधी गीझर बंद करा’ हा सल्ला चांगला, पाळावाच. पण साधा स्विच एकच तार तोडतो. फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडल्या असतील, तर बंद गीझरची कॉइलही फेजवरच राहते.

मग हवे काय? आधी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, एवढेच ती बघते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला तर 0.3 सेकंदाच्या आत, 150 चा पडला तर 0.04 सेकंदाच्या आत लाइन तोडते. ‘ती सारखी पडते हो’ म्हणून काढून टाकणारे वायरमन मी पाहिले आहेत. ती पडते कारण कॉइल गळत असते किंवा दोन लाइनींच्या न्यूट्रल एकत्र झालेल्या असतात. तो दोष शोधायला दिवस जातो, आरसीसीबी काढायला पाच मिनिटे!

तरीही सगळी भिस्त तिच्यावर नको. आतली यंत्रणा अडकू शकते, आणि ‘टेस्ट’चे बटण घरात कुणी दाबत नाही. बाँडिंगमध्ये अडकण्यासारखे काही नसते: लोखंडी पाइप, गीझरची टाकी आणि अर्थ टर्मिनल तांब्याच्या वायरने एकमेकांना जोडायचे. तारेवरच्या कावळ्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात म्हणून तो वाचतो. बाँडिंग नळ आणि टाकी यांच्यात तेच साधते. नळ आणि ओली फरशी यांच्यातला फरक मात्र त्याने पुरता जात नाही. तिथे आरसीसीबीच लागते.

‘ब्रिटनमध्येही आता बाथरूमला बाँडिंग लागत नाही,’ असे जाणकार ऐकवतात. अर्धवट खरे आहे. तिथल्या बीएस 7671 या नियमावलीच्या 2008 च्या आवृत्तीने ती सूट दिली, पण बाथरूमच्या प्रत्येक लाइनला 30 मिलिअँपिअरचे संरक्षण हवे, दोष आल्यावर लाइन ठरल्या वेळेत तुटायला हवी आणि पाइप घरात शिरतात तिथे मुख्य बाँडिंग हवे, या अटींवर. अटी गाळून सूट तेवढी इथे आणायची, हे चालणार नाही.

उलट टोकही नको. पाइप सगळे प्लास्टिकचे असतील तर सुट्या नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला वायर जोडू नये. निष्कारण ती अर्थशी बांधली जाते. खरी गडबड होते अर्धे लोखंडी, अर्धे प्लास्टिक अशा इमारतींत. म्हणून सोसायटीच्या सभेत पाइप बदलायचा ठराव येईल तेव्हा प्लंबरच्या कोटेशनसोबत प्रत्येक घराच्या अर्थिंगची मोजणीही मंजूर करून घ्यावी, आणि ती जुना पाइप कापण्याआधी व्हावी.