रयतेच्या राजाला यंत्राचा चेहरा

शिवजयंती जवळ आली की मंडळांना फलकासाठी शिवाजी महाराजांचे नवे चित्र हवे असते. पूर्वी त्यासाठी गावातला पेंटर दोन रात्री जागत असे. आता संगणकावरील कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळींचा हुकूम दिला की काही क्षणांत वीस चित्रे तयार होतात. कोणी घोड्यावर, कोणी सिंहासनावर, कोणी पावसात, कोणी ज्वाळांत. यालाच वैविध्य म्हणण्याची पद्धत पडली आहे. वस्तुतः चेहरा विसांत मिळून एकच असतो. भुवया आक्रसलेल्या, डोळे आग ओकणारे, दंड मल्लाचे आणि मागे भगवे आभाळ.

याचे कारण कलेत नसून उत्पादनपद्धतीत आहे. यंत्र इतिहास वाचत नाही. साठवलेल्या असंख्य चित्रांत जे अधिक वेळा आढळते, तेच ते पुन्हा घडवते. ही रास वाढवली कोणी? ज्यांच्यापाशी गल्लोगल्ली फलक लावण्याइतका पैसा होता, त्यांनी. यंत्राची मालकी बहुतांशी परदेशी भांडवलाकडे, कच्चा माल इथल्या चित्रकारांच्या श्रमाचा, आणि त्या श्रमांचा मोबदला जवळजवळ शून्य. दादाभाई नौरोजींना ही रीत ओळखायला वेळ लागला नसता.

वास्तविक महाराजांचे चेहरे अनेक आहेत. सतराव्या शतकातील दख्खनी कलमाची चित्रे ॲमस्टरडॅम व लंडनच्या संग्रहालयांत आहेत. बाकदार नाक, टोकदार दाढी, शांत मुद्रा. क्रोधाचा मागमूस नाही. व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या ग्रंथातील चित्र वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली लोकांपुढे आणले. तोवर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. सिंधुदुर्गावर राजाराम महाराजांनी उभारलेल्या मंदिरातील मूर्तीला दाढीच नाही, आणि डोक्यावरची टोपी कोळ्याच्या टोपीसारखी आहे. किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांनी राजा असा आपलासा केला. जोतीरावांनी १८६९च्या पोवाड्यात तो कुळवाड्यांचा म्हणून गायिला.

आणि सर्वांत बोलके चित्र तर कागदावर शाईने लिहिलेले आहे. १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांनी पत्र पाठवले. ज्या कुळापाशी बैल नाहीत त्याला बैल द्यावेत, पोटाला धान्य द्यावे, आणि ती रक्कम व्याज न लावता, केवळ मुद्दल, त्याची ऐपत पाहून हळूहळू वसूल करावी, असा त्यातील आदेश आहे. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या महाराष्ट्रात हे पत्र फलकावर का येत नाही?

यंत्र तटस्थ आहे, मागाल ते देते, असा युक्तिवाद करण्यात येतो. अर्धा खरा आहे. बियाणे मोजणारा राजा काढ असे सांगितले तर ते काढीलही. पण तसा हुकूम कोणी देत नाही, कारण त्या राजाकडे पाहून व्याजाचा प्रश्न आठवतो, आणि तो आठवणे सावकारांना व सत्ताधाऱ्यांना परवडणारे नाही. तलवारीकडे पाहून शेजारी आठवतो. २००९ साली मिरजेत गणेशोत्सवातील अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली. ती कमान माणसांनी उभारली होती. आता असे चित्र मिनिटात घडते आणि तासात जिल्हाभर पोचते. ‘शिवाजी कोण होता?’ हा प्रश्न १९८८ साली पुस्तकरूपाने विचारणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर २०१५ साली कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या, हे चळवळीने विसरू नये. मालवणच्या राजकोटावरील पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये समारंभाने उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. भव्यतेची हौस अशी आठ महिने टिकली.

खेदाची गोष्ट ही की पुरोगामी म्हणवणारी मंडळेही हीच तयार चित्रे उचलतात, खर्च वाचतो म्हणून. येत्या १९ फेब्रुवारीला शाखांनी निदान एवढे करावे. फलक स्थानिक चित्रकाराकडून काढून घ्यावा, त्याला त्याची मजुरी द्यावी, आणि चित्राखाली रामाजी अनंतांना लिहिलेले पत्र, लोकांना वाचता येईल एवढ्या अक्षरांत, पूर्ण द्यावे.