उपयोक्ता बदलला की पथ्यही बदलते

आपल्या त्रैमासिकातून आजवर आमवात, प्रमेह, पंचकर्म, द्रव्यपरीक्षा अशा विषयांवर विपुल लेखन झाले आहे. कुत्र्याच्या खाऊविषयी येथे लेख लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. परंतु प्रसंग आला, आणि तो आमच्याच चुकीने आला. म्हणून वैद्यबंधुभगिनींपुढे तो मोकळेपणाने मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अलीकडे शहरांतील व निमशहरांतील अनेक घरांत कुत्रे हे राखणदार राहिलेले नाही, ते घरातले मूल झाले आहे. मुलाला बाजारातला खाऊ देऊ नये, घरचा द्यावा, असे आपणच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. साहजिकच तोच न्याय आता या मुक्या अपत्यालाही लावला जातो. गृहिणी ओव्हनमध्ये गाजर, भोपळा, सफरचंद घालून त्याच्यासाठी बिस्किटे भाजतात, आणि नाडीपरीक्षेसाठी हात पुढे करता करता विचारतात, "वैद्यराज, यात आणखी काय घालू? पौष्टिक काही सांगा ना." प्रश्न प्रेमाचा असतो आणि विश्वासाचा असतो. उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

आमच्या एका जुन्या रुग्णेने असाच प्रश्न विचारला. घरी सहा किलो वजनाचा पांढरा स्पिट्झ. शौचास कडक होते, खाऊत काय घालावे? क्षणाचाही विलंब न लावता आम्ही म्हणालो, "काळ्या मनुका घाला की मूठभर." द्राक्षा मधुर, शीत, स्निग्ध, सर; चरकांच्या विरेचनोपग गणातले पहिलेच नाव. लहान बालकालाही आपण निःशंकपणे देतो. त्या बाईंनी मनुका वाटून कणकेत घातल्या, बिस्किटे भाजली आणि कौतुकाने खाऊ घातली. रात्रीपासून कुत्र्यास उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तो एका कोपऱ्यात पडून राहिला, तिसऱ्या दिवशी मूत्रप्रवृत्ती जवळजवळ थांबली. पशुवैद्यांनी पाच दिवस शिरेतून द्रव दिले, तेव्हा तो वाचला. पशुवैद्यांनी विचारले, "मनुका कोणी सांगितल्या?" त्यावर त्या बाई म्हणाल्या, "आम्हीच घातल्या." आमचे नाव त्यांनी घेतले नाही. पुढच्या भेटीत हे त्यांनी जाता जाता सांगितले, आणि त्या दिवशी आम्हांस पुढचा रुग्ण तपासणे कठीण गेले.

द्राक्षे व मनुका कुत्र्याच्या वृक्कांस घातक ठरू शकतात, ही गोष्ट पशुवैद्यकात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून नोंदली जात आहे. कारण मात्र बराच काळ उलगडत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी द्राक्षांतील टार्टरिक आम्ल हे कारण असावे, असे मत मांडले. हेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते. ते भाजल्याने नाहीसे होत नाही, म्हणून "ओव्हनमध्ये शिजले आहे" हे समाधान व्यर्थ आहे. किती मनुका निर्धोक, याचे खात्रीचे प्रमाण सांगता येत नाही. एखादे कुत्रे खाऊन सुखरूप राहते, एखाद्याचे वृक्क दोन-तीन दिवसांत निकामी होतात. म्हणूनच येथे 'थोड्याने काय होते' हा युक्तिवाद चालत नाही.

आता प्रश्न असा, की ही चूक आयुर्वेदाची की आमची? आमचे स्पष्ट मत आहे, की ती आमची. चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. आम्ही द्रव्याची प्रकृती पाहिली, करण पाहिले, संयोगही पाहिला. खाणारा कोण हे मात्र पाहिले नाही. आठवे आयतन वगळले, आणि उरलेली सात व्यर्थ गेली. परीक्षेत ही आठही नावे आम्ही न अडखळता लिहिली होती!

आपल्या आचार्यांची दृष्टी याबाबतीत आमच्यापेक्षा कितीतरी सावध होती. हत्तींसाठी पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद आणि घोड्यांसाठी शालिहोत्रांची परंपरा स्वतंत्र निर्माण झाली, ती हौसेखातर नव्हे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील फलमात्रासिद्धी अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, मेंढी, शेळी यांच्या बस्तीचा विचार आला आहे; तेथे प्राणी बदलताच द्रव्ये बदलतात आणि मात्राही बदलते. मनुष्याचा योग उचलून पशूस द्यावा, असे तेथे सुचविलेले नाही. श्वानाविषयी म्हणाल, तर पदवीच्या अभ्यासात त्याची आमची गाठ पडली ती प्रामुख्याने सुश्रुतांच्या कल्पस्थानात, अलर्कविषाच्या निमित्ताने. म्हणजे कुत्रा चावल्यावर माणसाचे काय करावे हे आम्ही शिकलो. कुत्र्याने काय खावे हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते, आणि तरीही आम्ही ते सांगितले.

श्वानाचे शरीर आपल्यासारखे कोठे आहे आणि कोठे नाही, हे थोडे जाणून घेतले पाहिजे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला, तरी माणसाच्या सहवासात त्याचा अग्नी बदलला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले, की पिष्ट पचविणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक आहेत. आपल्या खेड्यांतील कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर जगली, त्यास हा आधार आहे. ओकसात्म्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. उलट, 'क' जीवनसत्त्व कुत्रा स्वतःच्या यकृतात तयार करतो. तेव्हा केवळ त्या जीवनसत्त्वासाठी त्याच्या बिस्किटात आवळा घालण्याचा आग्रह हा माणसाची गरज त्याच्यावर लादण्याचा प्रकार होय.

कांदा व लसूण यांचेही तसेच. रसोन आपल्यासाठी रसायन. कुत्र्याच्या मात्र तो रक्तातील लाल पेशींचा नाश करतो. कांद्याचे शरीराच्या दर किलोस १५ ते ३० ग्रॅम एवढे प्रमाण कुत्र्याच्या रक्तात बदल घडवू शकते. म्हणजे पाच किलोच्या कुत्र्यास एक मध्यम कांदाही पुरेसा. लसूण त्याहून उग्र. शिजविल्याने किंवा वाळविल्याने हा दोष जात नाही. झायलिटॉल नावाची साखरेऐवजी वापरली जाणारी गोडी माणसास निरुपद्रवी आहे, परंतु कुत्र्यात ती इन्सुलिनचा एकदम स्राव घडवून रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली आणते आणि मात्रा अधिक असल्यास यकृतासही इजा करते. साखरविरहित च्युइंगममध्ये व काही शेंगदाणा-लोण्यांत ती असते. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. जायफळही त्याच्या खाऊत नको. यीस्ट घातलेले कच्चे पीठ पोटात फुगते आणि त्यात मद्यार्क तयार होतो, म्हणून कणीक भिजवून ओट्यावर उघडी ठेवू नये.

येथे वैद्यांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. ही द्रव्ये केवळ स्वयंपाकघरात नाहीत, ती आपण दिलेल्या बाटल्यांत व डब्यांत आहेत. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट, लशुनादी वटी ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. च्यवनप्राशाच्या पाठातही द्राक्षा आहेच. आपण रुग्णास सांगतो, "औषध मुलांच्या हाती लागू देऊ नका." ज्या घरात कुत्रा आहे तेथे त्याचेही नाव या वाक्यात घालावे. 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या अवलेहात कोणती गोडी वापरली आहे, ते वेष्टनावर वाचण्यास सांगावे.

मग घरचा खाऊ देऊच नये काय? आमचे तसे म्हणणे मुळीच नाही. एका चुकीनंतर सगळेच निषिद्ध ठरविणे हाही अविवेकच. लाल भोपळा, गाजर, रताळे, फरसबी, काकडी, बिया काढलेले सफरचंद, बिया काढलेली पपई, थोडे केळे ही निरोगी कुत्र्यास सामान्यतः चालणारी फळे-भाज्या आहेत. त्या बाईंच्या घरी आता जी बिस्किटे होतात, ती त्यांच्या पशुवैद्यांच्या संमतीने होतात. कृती साधी आहे. शंभर ग्रॅम ज्वारीचे पीठ, शंभर ग्रॅम कणीक, शंभर ग्रॅम वाफवून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडे. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, मसाला नाही. घट्ट मळून, पातळ लाटून चाळीस तुकडे पाडावेत आणि १६० अंश सेल्सियसवर सुमारे अर्धा तास भाजावेत. ओव्हन बंद केल्यावर ते आतच वाळू द्यावेत. पावसाळ्यात त्यांस लवकर बुरशी येते, म्हणून आठवड्यापुरतेच करून शीतकपाटात ठेवावेत. ज्यांस कणीक सोसत नाही अशा कुत्र्यास ही कृती नको, आणि रोगी कुत्र्यास तर विचारल्याखेरीज काहीच नको.

राशीचा विचार येथेही सुटत नाही. या सर्व घाण्यात सुमारे ८०० कॅलरी आहेत, म्हणजे प्रत्येक बिस्किटात सुमारे २०. दहा किलोच्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. खाऊ हा एकूण आहाराच्या दहाव्या भागापेक्षा अधिक नसावा, असा पशुवैद्यकातील सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे दिवसाला तीन बिस्किटे, तीही रोजच्या अन्नातून तेवढे कमी करून. घरातील चार माणसांनी प्रेमाने प्रत्येकी तीन-तीन दिली, की बारा होतात. बिस्कीट कितीही पौष्टिक असले, तरी त्या दिवशी ते मेदकरच ठरते. स्थौल्याची चिकित्सा करणाऱ्या आपणांस हे गणित नवे नाही.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली कायद्याची. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुचिकित्सेचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांस आहे. आपली पदवी मनुष्याच्या चिकित्सेची आहे. आपल्या क्षेत्रात अन्य कोणी पाऊल टाकले, की आपण तत्परतेने निवेदने देतो. तीच मर्यादा आपणही पाळावयास हवी. मलावष्टंभ हा कुत्र्यात असला तरी व्याधीच आहे, आणि त्यावर मनुका सांगणे ही चिकित्साच होती. आम्ही ती गप्पांच्या ओघात केली, एवढ्याने ती चिकित्सा नव्हती असे होत नाही.

दुसरी गोष्ट 'आयुर्वेदिक' या शब्दाची. कुत्र्यांच्या खाऊच्या पुडक्यावर हा शब्द छापला की तो अधिक खपेल, हे व्यापाऱ्यास कळते. त्यासाठी एखाद्या वैद्याची स्वाक्षरी मागितली जाईल, कदाचित चांगले मानधनही देऊ केले जाईल. ती स्वाक्षरी देण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे, की या उपयोक्त्याचे सात्म्य, अग्नी आणि कोष्ठ आपण कोणत्या आधारे जाणतो? 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हा बाजाराचा सिद्धांत आहे, शास्त्राचा नाही. ज्या शास्त्राने वत्सनाभास औषध केले आणि मध व तूप समप्रमाणात वर्ज्य ठरविले, त्याच्या अनुयायांनी तरी हे वाक्य उच्चारू नये.

आपल्या संघटनेस आमची नम्र सूचना अशी, की प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा स्थानिक पशुवैद्यकांस आपल्या सभेत निमंत्रित करावे. कुत्र्यास वर्ज्य असलेल्या घरगुती द्रव्यांची एक साधी मराठी सूची त्यांच्याकडून तपासून घेऊन चिकित्सालयात लावावी. आणि जवळच्या पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक वैद्याच्या मेजावर असावा. यापुढे कोणी असा प्रश्न विचारला, तर तो क्रमांक लिहून देणे हेच आमचे उत्तर राहील.

भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दारी आलेल्या प्राण्यास आपल्या ताटातला घास देणारी ही भूमी आहे. ती भावना उणी व्हावी असे आम्हांस स्वप्नातही वाटत नाही. मात्र संतांनी भाव शिकविला, तसा वैद्याने विवेक शिकवावा अशी समाजाची अपेक्षा असते. त्या बाई आजही आमच्याकडे औषधास येतात. त्यांनी आमचे नाव घेतले नाही, म्हणून ते आम्ही येथे स्वतःच घेत आहोत. विचार व्हावा, ही विनंती.