हेल्मेटावरचे पंख आणि हेल्मेटातले डोके

फुटबॉल म्हटले की आपल्या गोव्यात पायाने खेळायचा खेळ. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. चेंडू लांबट, खेळ बराचसा हातांचा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. तिथल्या कॉलेज संघांच्या हेल्मेटांवर लोकांचा भारी जीव. कारण काय? माझ्या मते, चिन्ह मनात बसते ते नुसत्या देखणेपणाने नव्हे, त्याच्या कामामुळे आणि सातत्यामुळे.

मिशिगनचे पिवळ्या पंखांचे हेल्मेट घ्या. प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी ते १९३८ साली तिथे आणले. आधी प्रिन्स्टनमध्ये त्यांनी तशीच नक्षी वापरली होती. हेतू साधा: चेंडू फेकणाऱ्याला दूर धावणारा आपला गडी चटकन दिसावा. चामड्याची हेल्मेटे गेली, प्लास्टिकची आली, पंख मात्र राहिले. अलाबामाच्या हेल्मेटावर तर चिन्हच नाही, फक्त खेळाडूचा क्रमांक. ओहायो स्टेटमध्ये चांगल्या खेळाबद्दल बकआय झाडाच्या पानाचे स्टिकर मिळते. ही प्रथा १९६८ पासूनची. हेल्मेट म्हणजे जणू प्रगतिपुस्तकच!

याउलट ओरेगन. नायकेचे संस्थापक फिल नाइट तिथले माजी विद्यार्थी. संघ सामन्यागणिक वेश बदलतो. तरुणांना ते आवडते हे मान्य. पण दर आठवड्याला नवे हेल्मेट म्हणजे दर आठवड्याला नवा माल, असेही त्यात आहेच.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. हे लोगो टोप्यांवर, शर्टांवर छापून विद्यापीठांनी वर्षानुवर्षे पैसा कमावला. मैदानावरच्या पोरांना शिष्यवृत्ती मिळे, पण स्वतःच्या नावावर वा चेहऱ्यावर कमाई करण्याची मुभा जुलै २०२१ पर्यंत नव्हती. विद्यापीठांनी उत्पन्नातला वाटा त्यांना थेट देण्याची वाट तर जुलै २०२५ मध्ये खुली झाली. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदूला बसणारा हादरा ते पूर्णपणे थोपवू शकत नाही. तो हादरा सोसणारा खेळाडूच लोगोला किंमत मिळवून देतो.

म्हणून हा वाटा म्हणजे खेळाचे बाजारीकरण, ही ओरड मला पटत नाही. बाजार केव्हाच भरला होता. फक्त ज्याच्या डोक्यावर तो उभा होता, त्याला त्यात जागा नव्हती.