सवाबाचे खोटे हिशोब

अमुक सूरह वाचली की इतक्या हजचा सवाब, तमुक वाचली की सगळे गुनाह माफ! रमजान आला की असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. खाली फक्त 'हदीस' लिहिलेले असते. ग्रंथ कोणता, सांगणारा कोण, पत्ता नाही.

हा रोग जुना आहे. मर्वचे काझी नूह बिन अबी मरियम (मृत्यू हिजरी 173) यांना विचारले गेले, प्रत्येक सूरहच्या सवाबाची हदीस तुम्हाला मिळाली कुठून? त्यांचे उत्तर हदीसशास्त्राच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. लोक कुरआन सोडून अबू हनीफांच्या फिकहमध्ये आणि इब्ने इस्हाकांच्या युद्धकथांमध्ये गुंतले, म्हणून मीच ती रचली! हेतू चांगला असेल, पण खोटे प्रेषितांच्या (स.) नावावर खपवले. असे जाणूनबुजून करणाऱ्याला खुद्द प्रेषितांनी (स.) नरकाचा इशारा दिला आहे.

यासीन वाचल्यास दहा कुरआनांचा सवाब, ही हदीस इमाम तिर्मिजींनी नोंदवली. पण तिचा एक निवेदक अज्ञात आहे, हेही तिथेच लिहिले. आपण हदीस उचलली, शेरा मात्र गाळला.

सहीह हदीसींची वाण आहे का? सूरह इख्लास एक तृतीयांश कुरआनाच्या बरोबरीची, हे सहीह बुखारीत आहे. कुरआनाला खोट्या जाहिरातीची गरज नाही. यासीन जरूर वाचा, अर्थ समजून वाचा. पण संदेश पुढे पाठवण्याआधी ग्रंथाचे नाव विचारा. मिळाले नाही, तर तो तिथेच थांबवा.