विकत घेतलेले पुस्तक आपले असते काय?

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून विळी आणली आणि वर्षभराने तिचा पाट सैल झाला, तर तो बदलताना विकणाऱ्याची परवानगी कोणी मागत नाही. पैसे मोजले, वस्तू आपली झाली, असा आपला साधा व्यवहार.

परंतु याच सक्करदऱ्यातील एका घरी परवा वेगळाच प्रश्न निघाला. सुटीत आलेल्या नातवाने आजोबांच्या जुन्या किंडलवर ‘केओरीडर’ नावाची प्रणाली बसवून दिली. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रतींचे अक्षर त्या लहान पडद्यावर मुंगीएवढे दिसे. आता पानाच्या कोऱ्या कडा कापून तेच अक्षर मोठे करता येऊ लागले. आजोबा खूश झाले, पण लगेच म्हणाले, “अरे, हे बेकायदा तर नाही?” नातू म्हणाला, “आजोबा, यंत्र तुमचंच आहे ना?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. केओरीडर ही स्वयंसेवकांनी घडवलेली, विनामूल्य आणि खुली प्रणाली आहे. मात्र किंडलवर ती चढवण्यासाठी कंपनीने घातलेले बंधन आधी मोडावे लागते. मूळ प्रणालीतील एखादी फट शोधून हे साधले जाते आणि कंपनीच्या पुढच्या सुधारणेत ती फट बुजवली जाते. असा हा लपंडाव वर्षानुवर्षे चालू आहे.

लोक या खटाटोपात का पडतात? त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या घटनांत सापडते. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. पुरवठादाराकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत मिळाले. पण घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलून न्यावे, तसाच हा प्रकार झाला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांना जाहीर माफी मागावी लागली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा परतावा मिळाला, पुस्तके मात्र गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोयही अ‍ॅमेझॉनने काढून घेतली.

याचा अर्थ असा, की आपण पुस्तक घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून विक्रेत्याला हे स्पष्ट सांगणे कायद्याने भाग पडले आहे.

अर्थात नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यंत्राची प्रणाली बदलणे वेगळे आणि पुस्तकाचे कुलूप तोडून प्रती वाटणे वेगळे. केओरीडर कुलूपबंद पुस्तके उघडून देत नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ अशा कुलपांविषयीच आहे. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मराठी लेखकाच्या पदरी आधीच फारसे पडत नाही. त्याच्या ताटातला घास काढून आपली वाचनाची हौस भागवणे शोभणारे नाही.

धोकाही लक्षात घ्यावा. बदल करताना चूक झाली तर यंत्र कायमचे बंद पडू शकते आणि हमीवर पाणी सोडावे लागण्याची शक्यता असते. म्हणून हमी संपलेल्या जुन्या यंत्रावरच प्रयोग करावा. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था विनामूल्य देतात ती पुस्तके किंवा प्रताधिकाराची मुदत संपलेले साहित्य त्यावर निर्धास्त वाचावे.

आजोबांच्या कपाटातील छापील पुस्तके उद्या नातवाकडे जातील. त्यांवर आजोबांची सही असेल, समासात खुणा असतील. किंडलमधल्या पुस्तकांना मात्र असा वारस नाही. कंपनीच्या अटींनुसार तो परवाना दुसऱ्याला देता येत नाही. ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबताना आपण नेमके काय घेत आहोत, हे घराघरांत एकदा विचारले गेले पाहिजे.