भीती कशाची धरावी?



भूताखेतांचे चित्रपट म्हटले की आपल्यातील पुष्कळजण दूर राहतात, मीही त्यांतलाच. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री मुद्दाम भिऊन का घ्यावे, हा प्रश्न रास्त आहे. तरीही २०१८ साली निघालेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट शेतकऱ्याने एकदा तरी पाहावा, असे माझे मत आहे.

आधी प्रकृतीविषयी. भीतीने अंगात अ‍ॅड्रेनालिन स्रवते, छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो. चित्रपट संपला की निरोगी माणसाचे शरीर थोड्या वेळाने ताळ्यावर येते. लहान मुलांना मात्र पडद्यावरचे आणि खरे यांतील फरक उमगत नाही. ती रात्री दचकून उठतात. म्हणून हा चित्रपट मुलांना दाखवू नये. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनीही टाळावा. इतरांनी मोबाईलवर अंथरुणात एकट्याने पाहण्यापेक्षा संध्याकाळी चारचौघांत पाहावा.

आता कथा. काळ १९१८ ते १९४७. हस्तर हा सोन्याचा आणि धान्याचा लोभी. सोने त्याच्या हाती लागते, धान्य कायमचे अंतरते. मोहरा कमरेला असूनही तो उपाशीच! विनायक जुन्या वाड्यातील विहिरीतून दोर धरून खाली उतरतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो आणि हस्तर खाण्यात गुंतला की मोहरा लांबवतो. घर भरले तरी तो उतरतच राहतो. उपाशी राक्षस कोणता आणि पोट भरलेला कोणता, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

पुढे हीच विद्या तो आपल्या कोवळ्या मुलाला शिकवतो. माझ्या अंगावर काटा आला तो येथे. हस्तर दिसला तेथे नव्हे.

आपल्या शिवारात हस्तर नाही, पण दोर आहे. शेजाऱ्याची बोअर खोल गेली की आपली त्याहून खोल मारायची. सांगितले त्याच्या दुप्पट युरिया टाकायचा. नांगरताना बांध वीतभर पलीकडे सरकवायचा. उत्पन्न वाढावे असे कोणाला वाटत नाही? पण पाणी आटते, माती बिघडते, भाऊबंदकी कोर्टात जाते. आणि बांधावर उभा असलेला मुलगा हे सारे पाहत असतो.

चित्रपटातील मुलगा शेवटी बापाच्या हातचे सोने नाकारतो. आपल्या मुलांवर ती वेळ आपण का आणावी?